धातूलाही थकवा येतो

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी श्रीमहागणपतीचे हे क्षेत्र होय. देवदर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंची येथे पूर्वापार वर्दळ असते. तथापि गेल्या काही दशकांत या गावाला आणखी एक ओळख प्राप्त झाली आहे. गावालगतच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी, शीतकपाटे आणि यंत्रांचे नानाविध सुटे भाग तयार होतात. धातूचा सपाट पत्रा यंत्राखाली जातो, प्रचंड दाबाने वाकतो आणि मोटारीचा दरवाजा किंवा छप्पर होऊन बाहेर पडतो. अशा कारखान्यात काम करणाऱ्या कुशल कारागिराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. धातू कितीही कणखर दिसला, तरी त्यालाही थकवा येतो.

हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. माणूस थकतो, बैल थकतो. पण निर्जीव धातू कसा थकेल? याचे उत्तर एका साध्या प्रयोगाने मिळते. लोखंडी तारेचा तुकडा दोन्ही हातांनी ओढला, तर बलवान माणसालाही तो तोडता येत नाही. परंतु तीच तार एका जागी वाकवावी, पुन्हा सरळ करावी, पुन्हा वाकवावी, असे काही वेळा केले की ती त्या जागी सहज तुटते. पहिल्या वेळी तारेला काहीही झाले नाही. दुसऱ्या वेळीही नाही. मग शेवटच्या वेळी असे काय वेगळे घडले? जोर तर तेवढाच होता. फरक एवढाच, की तो पुनःपुन्हा लावला गेला. एका वेळी ज्या ताणाने धातूचे काहीच बिघडत नाही, तोच ताण असंख्य वेळा आल्याने धातूला तडा जाणे, यालाच धातूचा थकवा असे म्हणतात.

विहिरीच्या काठावरील दगडाला दोराच्या घर्षणाने खाच पडते, हे सर्वांनी पाहिलेले असते. धातूचा थकवा मात्र याहून निराळा असतो. दगडाची झीज डोळ्यांना दिसते. धातूचा थकवा बाहेरून दिसत नाही. धातू हा अतिसूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. ताण येताच हे कण किंचित सरकतात आणि ताण जाताच परततात. परंतु एखाद्या भोकाच्या कडेला, ओरखड्यापाशी किंवा तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तेथील कण पूर्वस्थितीवर येत नाहीत. तेथे केसाहूनही बारीक तडा जन्म घेतो. पुढच्या प्रत्येक ताणाबरोबर तो अणुमात्र पुढे सरकतो. बराच काळ त्याचा कोणाला पत्ता लागत नाही आणि शेवटी उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडला, की एका क्षणात सर्व काही तुटते.

माणसाला हे ज्ञान मुख्यतः आगगाडीने दिले. दौंडसारख्या मोठ्या स्थानकांवर पूर्वी गाडी उभी राहिली, की रेल्वेचा एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारीत जाई. चाक धड असेल, तर स्वच्छ नाद निघे; तडा गेलेला असेल, तर आवाज बद्द येई. ही दक्षता अनुभवाने आलेली होती. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धडधाकट दिसणारे आस असे अचानक का मोडतात, या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे ऑगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-अभियंत्याने अनेक वर्षे केला. भार ठेवलेला आस फिरू लागला, की प्रत्येक फेऱ्यात त्याची प्रत्येक बाजू एकदा ताणली जाते व एकदा दाबली जाते. व्होलरने असे आस आपल्या यंत्रांवर लक्षावधी वेळा फिरवून पाहिले. ताण जितका अधिक, तितक्या कमी फेऱ्यांत आस मोडतो, असे त्याला आढळले. लोखंड व पोलाद यांच्या बाबतीत आणखी एक दिलासा देणारी गोष्टही दिसली. ताण एका ठराविक मर्यादेच्या आत राहिला, तर कितीही फेरे झाले, तरी आस मोडत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र निसर्गाने अशी मर्यादा घालून दिलेली नाही. ताण थोडा असला, तरी पुरेशा फेऱ्यांनंतर ॲल्युमिनियम केव्हातरी थकतोच. विमाने तर मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचीच बनू लागली. आणि येथूनच आगगाडीच्या आसाची ही कथा आकाशात जाते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक चिमुकले विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे उतरवले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा हा आरंभ होता. हे विमान इंग्लंडमधील डी हॅविलँड या कंपनीचे होते. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता व त्यावर कापड ताणून बसवलेले होते. ते फार उंच उडत नसे. त्यामुळे आतली हवा आणि बाहेरची हवा यांत फरक राखण्याचे काही कारण नव्हते. जवळजवळ वीस वर्षांनी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, त्याच कंपनीचे एक सर्वस्वी निराळे विमान मुंबईच्या धावपट्टीवर उतरू लागले. त्याचे नाव ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू. प्रवासी वाहतूक करणारे ते जगातील पहिले जेट विमान होय. २ मे १९५२ रोजी लंडनहून त्याची पहिली प्रवासी फेरी सुटली होती आणि लंडन ते कोलंबो या मार्गावर ते मुंबईला थांबत असे.

कॉमेट दहा किलोमीटरांहून अधिक उंचीवरून उडत असे. तेथे वादळे व ढग बहुधा खाली राहतात आणि विरळ हवेत वेगही अधिक गाठता येतो. परंतु त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे चतुर्थांशच उरतो. तेथे माणसाला श्वासही घेता येणार नाही. म्हणून विमानाच्या धडात हवा दाबून भरावी लागते. सायकलच्या नळीत हवा भरली, की ती फुगते. तसेच विमानाचे धडही आकाशात गेल्यावर किंचित फुगते आणि खाली उतरल्यावर पूर्ववत होते. कॉमेटच्या भिंतींच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे पावणेसहा टनांचा भार पडे. एक उड्डाण म्हणजे एकदा फुगणे व एकदा ओसरणे. तार वाकवून सरळ करावी, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे तारेच्या जागी पातळ पत्रा होता आणि त्या पत्र्याआड माणसे बसलेली होती.

२ मे १९५३ रोजी, म्हणजे पहिल्या फेरीला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्याच दिवशी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून काही मिनिटांतच कोसळले. त्यातील सर्व ४३ जण मरण पावले. वादळात आलेल्या जबरदस्त ताणामुळे विमान मोडले, असा निष्कर्ष त्या वेळी निघाला. परंतु १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले दुसरे कॉमेट निरभ्र आकाशात एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि ३५ जणांचा अंत झाला. उड्डाणे थांबवण्यात आली. विमानांत अनेक सुधारणा झाल्या. मार्चमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला तिसरे कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात पडले व २१ जण दगावले. तेव्हा मात्र सर्व कॉमेट विमाने जमिनीवर उभी करण्यात आली.

कारण शोधण्याचे काम इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेकडे आले. तिचे संचालक आर्नल्ड हॉल यांनी एक अभिनव प्रयोग योजला. एका कॉमेटच्या धडाभोवती प्रचंड टाकी बांधण्यात आली. पंख तेवढे टाकीबाहेर ठेवले. मग टाकीत व धडातही पाणी भरण्यात आले. धडातील पाण्याचा दाब वाढवायचा आणि उतरवायचा, की एक उड्डाण झाले असे समजायचे. येथे हवेऐवजी पाणी योजण्यात मोठे चातुर्य होते. दाबलेली हवा सुटली, की बाँबसारखा स्फोट होऊन विमानाचे तुकडे झाले असते व तडा कोठून निघाला, हे कळलेच नसते. पाणी फारसे दाबले जात नाही. त्यामुळे पत्रा फाटताच दाब ओसरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो.

रात्रंदिवस हा प्रयोग चालू राहिला. या विमानाने पूर्वी आकाशात १,२२१ उड्डाणे केली होती. टाकीत आणखी १,८३६ उड्डाणांइतका ताण दिल्यावर, म्हणजे एकूण ३,०५७ व्या वेळी, धडाचा पत्रा एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटला. दरम्यान एल्बाजवळच्या समुद्रतळातून नौदलाने विमानाचे अवशेष वर काढले होते. त्यांतील छताच्या एका तुकड्यावर, रेडिओच्या झरोक्याशेजारील एका भोकापासून निघालेला तसाच तडा दिसून आला. एल्बाचे विमान १,२९० उड्डाणांनंतर आणि नेपल्सचे सुमारे ९०० उड्डाणांनंतर फुटले होते. झरोक्यांच्या कोपऱ्यांत एकवटलेल्या ताणाने कोवळ्या वयातच या विमानांचा पत्रा थकला होता.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. कंपनीने आधी परीक्षा घेतली नव्हती काय? घेतली होती, आणि धडाच्या एका भागाने सोळा हजारांहून अधिक वेळा दाब सहन केला होता. परंतु त्याच भागावर पूर्वी नेहमीच्या सुमारे दुप्पट दाब देऊन त्याची ताकद अजमावण्यात आली होती. त्या दुप्पट दाबामुळे भोकांच्या कडेचा धातू थोडा दबून उलट अधिक टिकाऊ झाला. प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानांना हा लाभ मिळालेला नव्हता. परीक्षा प्रामाणिक होती; पण परीक्षेला बसवलेला नमुना बाकीच्यांसारखा नव्हता. या अनुभवातून मिळालेले धडे जगभरच्या विमानकर्त्यांनी आत्मसात केले. खिडक्या गोलाकार झाल्या, भोकांभोवतीचा पत्रा जाड झाला आणि एका ठिकाणी तडा गेला, तरी तो पुढच्या आडव्या पट्टीशी अडावा, अशी रचना होऊ लागली.

तरीही थकव्याचा प्रश्न संपला नाही. नव्या विमानांचा पत्रा लवकर थकत नसला, तरी विमाने वृद्ध होऊ लागली होती. विमानाचे वय केवळ वर्षांनी मोजत नाहीत. ते किती वेळा फुगले व ओसरले, यावरून मोजतात. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचे दिवसभरात एक-दोनच फेरे होतात. लहान लहान बेटांमध्ये ये-जा करणाऱ्या विमानाचे मात्र दिवसाला अनेक फेरे होतात. प्रशांत महासागरातील हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान १९६९ पासून अशीच सेवा करीत होते. त्याचे एक उड्डाण सरासरीने अर्ध्या तासाचेही नसे. ७५,००० उड्डाणांचे उद्दिष्ट ठेवून बनवलेल्या या जातीच्या त्या विमानाने १९८८ पर्यंत ८९,६८० उड्डाणे पूर्ण केली होती. शिवाय समुद्रावरील खाऱ्या, दमट हवेचा मारा त्यावर सतत होत होता.

२८ एप्रिल १९८८ रोजी हे विमान ९५ माणसांना घेऊन हिलोहून होनोलुलूकडे निघाले. सुमारे ७,३०० मीटर उंचीवर पोहोचताच मोठा आवाज झाला आणि पुढील भागाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छप्पर उडून गेले. उभी असलेली एक विमानसेविका बाहेर फेकली जाऊन प्राणास मुकली. प्रवासी पट्टे बांधून बसलेले होते, म्हणून जागेवर राहिले. त्यांच्या डोक्यावर केवळ आकाश होते. वैमानिक रॉबर्ट शॉर्न्स्टाइमर आणि सहवैमानिक मॅडेलिन टॉम्पकिन्स यांनी विलक्षण धैर्याने ते उघडे विमान माउई बेटावर उतरवले. ६५ जण जखमी झाले. परंतु ९४ जणांचे प्राण वाचले.

चौकशीत उलगडलेले कारण असे होते. धडाचे पत्रे एकमेकांवर चढवून चिकटद्रव्याने जोडलेले होते व शिवाय त्या जोडावर रिव्हेटच्या तीन ओळी मारलेल्या होत्या. कालांतराने चिकटद्रव्य सुटले, फटीत ओल शिरली, पत्रा गंजू लागला आणि सर्व भार एकट्या रिव्हेटवर आला. पत्रा एक मिलिमीटरहूनही किंचित पातळ होता. त्यात रिव्हेटच्या डोक्यासाठी उतरत्या कडेची भोके पाडलेली होती. त्यामुळे भोकाची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. एकाच ठिकाणी एक मोठा तडा गेला असता, तर तो आडव्या पट्टीशी थांबला असता. येथे मात्र शेजारशेजारच्या अनेक भोकांना एकाच वेळी बारीक तडे गेले होते. टपाल तिकिटांच्या कागदावर छिद्रांची ओळ असते. एका छिद्राने कागद फाटत नाही, पण त्या ओळीवर थोडा ताण दिला, की तिकीट सरळ रेषेत अलग होते. तसेच त्या छपराचे झाले. थेंबे थेंबे तळे साचे, तसे तडे साचत गेले होते. हा बिघाड तपासणीत उघडकीस यायला हवा होता. पण तो आला नाही.

या चौकशीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळच्या पत्र्यावर, रिव्हेटच्या ओळीत, एक लांब चीर दिसली होती. तिने ती कोणालाही सांगितली नाही. तिला दोष देणे योग्य होणार नाही; एवढ्या जाणत्या लोकांच्या नजरेतून असे काही सुटेल, असे सामान्य माणसाला कसे वाटावे? परंतु ज्याच्या हाती हातोडी वा दुर्बीण नाही, अशा माणसाचे दोन डोळेही कधी कधी सर्वांत मोलाचे ठरू शकतात, हे त्या दिवशी जगाला कळले.

यानंतर वृद्ध विमानांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९९१ साली अमेरिकेत जुन्या विमानांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा झाला. ‘तडा नसेल’ असे मानण्याऐवजी ‘तडा असणारच’ असे धरून तो वाढण्यापूर्वी शोधायचा, हे तत्त्व अधिक दृढ झाले. १ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेतच साउथवेस्ट एअरलाइन्सच्या पंधरा वर्षे वापरलेल्या एका बोइंग ७३७ च्या छताला उड्डाणात सुमारे दीड मीटर लांबीचे भगदाड पडले. सुदैवाने विमान सुखरूप उतरले. तेथे दोष वयाचा नव्हता. विमान बनवताना रिव्हेटची भोके नीट जुळवली गेली नव्हती. कारखान्यात एका दिवशी झालेल्या हलगर्जीपणाची किंमत कशी पंधरा वर्षांनी मोजावी लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आज प्रत्येक प्रवासी विमानाच्या उड्डाणांची संख्या काटेकोरपणे नोंदली जाते. भारतात या कामावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. महाराष्ट्रात नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ पासून विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र चालू आहे. अशा केंद्रांच्या अवाढव्य शाळांत ठराविक काळाने विमान आणले जाते. मोठ्या तपासणीच्या वेळी खुर्च्या व आतील अस्तर काढून सांगाडा उघडा करतात. तंत्रज्ञ हाती दिवा व भिंग घेऊन पत्रा न्याहाळतात. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्यासाठी पत्र्यात विद्युत्प्रवाहाचे भोवरे निर्माण केले जातात. वाटेत तडा असेल, तर ते भोवरे विसकटतात व यंत्राचा काटा हलतो. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरीही धातूत सोडल्या जातात. तड्यावर आपटून त्या परत येतात. दौंडच्या स्थानकावरील हातोडीचा ठोका आणि ही सूक्ष्म यंत्रे यांत काळाचे अंतर मोठे असले, तरी दोघांचा हेतू एकच आहे: धातू मोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणे.

एका विमानात रिव्हेटची संख्या लाखांत भरते. त्यांतील हजारो धड निघतात. म्हणून पुढचाही धड असेल, असे मानण्याचा मोह होतो. हा मोह आवरणे, हेच तपासनीसाचे खरे शौर्य होय. त्याचे नाव वर्तमानपत्रांत येत नाही. कारण त्याचे काम यशस्वी झाले, म्हणजे काहीच घडत नाही. विमान सुटते, फुगते, ओसरते आणि शेकडो माणसे आपापल्या घरी सुखरूप पोहोचतात. धातूला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी माणसाची असते. म्हणून मोजदाद प्रामाणिकपणे ठेवावी, काम चोख करावे आणि काही वावगे दिसले, तर आपण लहान आहोत म्हणून गप्प न बसता ते जाणत्याच्या कानी घालावे.

स्वाध्याय

१. धातूचा थकवा म्हणजे काय, ते तारेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. फार्नबरो येथील प्रयोगात हवेऐवजी पाणी का वापरले?
३. आधी परीक्षा घेऊनही कॉमेटमधील दोष का लक्षात आला नाही?
४. विमानाचे वय केवळ वर्षांनी का मोजत नाहीत?
५. ‘धातू मोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणे’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
६. आपल्या गावातील पूल, झोपाळा, बैलगाडीचा आस यांपैकी एका वस्तूवर पुनःपुन्हा ताण कोठे येतो, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.